आधी हवा, मग पट्टा

जुना आहे मी, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे माझे विटलेले खांदे आणि उसवलेला खिसा बघून कुणी नाक मुरडायला नको. मित्रांनो, मी पाण्याखाली घालायचा अंगरखा आहे. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या माणसांच्या पाठीवर हवेची टाकी असते ना, ती ज्याला बांधलेली असते तो मी. सगळे मला नुसतं 'जॅकेट' म्हणतात. म्हणेनात का! अंगरखा म्हटलं की कसा मान वाटतो.

माझं काम दिसायला सोपं आहे. माझ्या आत एक पिशवी आहे. तिच्यात हवा भरली की मी फुगतो आणि मला घातलेला माणूस वर तरंगतो. हवा सोडली की तो सावकाश खाली जातो. आणि अगदी बेताची हवा ठेवली की तो वरही जात नाही आणि खालीही जात नाही, पाण्यात मधोमध आडवा पडून राहतो, बिछान्यावर पडावा तसा. त्या वेळी त्याचा श्वास कसा संथ होतो, ते मला त्याच्या बरगड्यांवरून कळतं. चेहरे मला फारसे दिसत नाहीत. मी माणसं ओळखतो ती बरगड्यांवरून, आणि खरं सांगतो, चेहरा थापा मारतो, बरगड्यांना ते जमत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे कापड कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे आणि बकलं लावणारे वेगळे. माझे खांदे ज्या बाईंनी शिवले त्या प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ओढून बघायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, "हे उसवलं तर माझं नाव बदल." खिसा दुसऱ्याच कुणी शिवला, म्हणून तर तो उसवला. सगळं झाल्यावर एका चष्मेवाल्या माणसानं माझ्यात हवा भरली आणि मला पाण्याच्या हौदात दाबून धरलं. जन्मल्या जन्मल्या कुणाला असं बुडवून बघतात का, तुम्हीच सांगा! पण माझ्यातून एकही बुडबुडा निघाला नाही. "पास," तो म्हणाला, आणि माझी छाती फुगली. अर्थात ती त्यानंच फुगवलेली होती.

तिथून मी थेट डायव्हिंगच्या शाळेत आलो. शाळा म्हणजे काय, बंदराजवळची एक लांबट खोली, भिंतीला ओळीनं खुंट्या, मागच्या बाजूला पोहण्याचा तलाव आणि समोर धक्का. धक्क्यावरून नाव समुद्रात जायची. सुरुवातीला माझी नुसती चैन होती. नवा कोरा, रंग चकाकता, बकलं टकाटक वाजणारी! जो येईल तो मलाच हात घालायचा. काटकुळे कॉलेजकुमार, लग्नाच्या वाढदिवसाला आलेली जोडपी, पाण्यात शिरतानासुद्धा केसांवरून कंगवा फिरवणारे एक जाडे न्हावी, सगळ्यांना मी मिठी मारली आहे. त्यात एक गोष्ट मला पक्की कळली. खुंटीवर मी एकाच मापाचा दिसतो, पण माणसं एका मापाची नसतात. कुणाचे खांदे उतरते, कुणाचं पोट पुढे, कुणाची पाठ लांब. ज्याला मी नीट बसवून दिलेला असे तो वर येऊन म्हणायचा, "वा! पुन्हा जाऊ या." आणि ज्याला घाईघाईनं करकचून बांधलेलं असे त्याच्या काखेत लाल वळ उठायचे. तो टॉवेल गुंडाळून म्हणायचा, "समुद्र काही इतका खास नाही हो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. समुद्राची बदनामी कशापायी, तर एका पट्ट्यापायी!

मग नवी जॅकेटं आली. रंगीत, हलकी, खिशांवर खिसे असलेली. मला दारामागच्या खिळ्यावर टांगलं. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं असतं, तेही कुणाला आठवेना. माझ्या पोटात मिठाचे खडे झाले आणि हवेचं बटण चिकटून बसलं. लोक माझ्यावर ओले टॉवेल टाकायचे. उसवलेल्या खिशात एका पालीनं बिऱ्हाड थाटलं. तिचं माझं बरं चाललं होतं, उगाच खोटं कशाला बोलू, पण पाल म्हणजे काही माणूस नव्हे. कुणी मला घालून पाण्यात जाईल ही आशाच मी सोडून दिली होती.

तेव्हा मासोळी आली. ती शाळेत नवीन लागलेली शिक्षिका. अंगानं सडपातळ, पाण्यात अशी सुळकन वळायची की पहिल्याच आठवड्यात तिला सगळे मासोळी म्हणायला लागले. तिनं दार लोटलं, मला बघितलं, हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मला वाटलं, चला, आता कचराकुंडी. पण तिनं पालीला हलकेच खिडकीबाहेर सोडलं, माझ्या पिशवीत गोडं पाणी भरलं, मला गदागदा हलवलं, पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. जुन्या टूथब्रशनं बकलं घासली. चिकटलेलं बटण कोमट पाण्यात भिजवून सोडवलं. मग मला थोडी हवा भरून सावलीत वाळत टाकलं. "आता कसा शहाण्यासारखा दिसतोयस," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

मित्रांनो, मासोळीची शिकवायची पद्धत तुम्ही बघायला हवी होती. ती जॅकेट घरच्या कपड्यांवर कधीच बसवायची नाही. आधी पाण्यातला जाड रबरी सूट घालायला लावायची. मग सगळे पट्टे सैल सोडायची आणि पहिल्यांदा कंबरपट्टा नुसता अडकवायची, बरोबर कमरेच्या हाडांवर, कारण टाकीचं ओझं कमरेनं घ्यायचं असतं, खांद्यांनी नाही. त्यानंतर हवा. मला टम्म फुगवायची आणि समोरच्याला म्हणायची, "आता पोटभर श्वास घ्या. घेतलात? तसाच धरा." त्या फुगलेल्या छातीवर ती पट्टे ओढायची, तेही बेतानं. पट्ट्याखाली बोटं सरकवून बघायची. आणि शेवटी डोळ्यांत बघून विचारायची, "कुठे टोचतंय? खोटं सांगू नका. मी रागवत नाही." आधी हवा, मग पट्टा. हे ती इतक्या वेळा म्हणायची की तलावाचं पाणी बदलणारा माणूससुद्धा ते गुणगुणायचा.

इतकी सगळी हुशारी असून घोड्यानं पेंड खाल्ली ती तिच्या घरात.

मासोळीच्या घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई ती लहान असतानाच गेली होती. बाबा जन्मभर चपलाबुटांच्या दुकानात विक्रेते होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मऊ बोलणारे, सगळ्यांना सांभाळून घेणारे गृहस्थ. मासोळीला एका मोठ्या जहाजावर नोकरी लागली होती. समुद्राच्या तळाची पाहणी करायचं काम, एकदा गेली की लवकर परत येणं नाही. ते कळल्यावर दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "तू जायच्या आत मला एकदा खाली ने. तू दिवसभर जिथे असतेस ती जागा मी कधी बघितलीच नाही."

मासोळीनं कप खाली ठेवला आणि त्यांच्या गळ्यातच पडली. डॉक्टरांकडून तपासून आणलं. हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम, कान उत्तम. मग तिनं शाळेतल्या सगळ्या नव्या जॅकेटांतून एक निवडायचं सोडून मला घरी आणलं. "हे सगळ्यात मऊ आहे बाबा. तुमच्यासाठी हेच." माझी छाती पुन्हा फुगली असती, पण आत हवा नव्हती.

हवा नव्हती, मित्रांनो, इथेच सगळं चुकलं. सुट्टीची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत आरशासमोर तिनं बाबांना उभं केलं. अंगात पातळ सुती शर्ट, आणि मी रिकामा, चपटा.

"हात वर करा बाबा."

"केले."

"आता वळा."

"वळलो. पोलिसांनी पकडल्यासारखं वाटतंय."

"गंमत पुरे. घट्ट हवं हं. पाण्यात निसटलात म्हणजे?"

आणि तिनं ओढलं. खांद्याचे पट्टे ओढले, छातीचा ओढला, कंबरेचा तर गुडघा टेकवून ओढला. मग नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक पट्ट्यावर, जिथे बकल आलं होतं तिथे, लाल रेघ मारली. "ही बाबांची खूण. आता दर वेळी बरोबर इथेच लावायचं." मग म्हणाली, "छान बसलंय ना?"

बघा, गिऱ्हाइकांना ती विचारायची, 'कुठे टोचतंय?' आणि बापाला विचारलं, 'छान बसलंय ना?' असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? "एकदम छान," बाबा म्हणाले. त्यांच्या बरगड्या माझ्याशी वेगळंच बोलत होत्या.

तलावावर पहिल्या दिवशी बाबांनी जाड रबरी सूट घातला, त्यावर मी. मासोळीनं लाल रेघांपर्यंत पट्टे आणले. सूट जाड असल्यामुळे तिथवर आणायला दम लागला, पण तिनं आणलेच. खूण म्हणजे खूण! मग दोघं पाण्यात उतरले आणि तिनं हवेचं बटण दाबलं. आता मला सांगा, बाहेरून पट्टे आणि आतून माणूस, मी फुगणार कुठे? मी आतल्या बाजूलाच फुगलो. बाबांच्या छातीला चारी बाजूंनी आवळत गेलो. त्यांचा श्वास वरच्या वर अडकायला लागला. छोटे छोटे, घाईचे श्वास. पाणी गळ्याशी, टाकी पाठीशी आणि छाती आवळलेली. त्यांनी हातपाय मारले आणि तलावाचा काठ गच्च धरला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही गं. जरा... पाणी थंड आहे."

"जॅकेट ठीक आहे ना?"

"जॅकेट एकदम छान."

मी काय करू? माझ्याजवळ आवाज एकच, हवा सोडताना फुस्स होतो तो. आणि तोही मासोळीनंच काढायचा. माझा जीव नुसता कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्यानंतर पुन्हा तेच. बाबा घाबरलेले नव्हते, मी शपथेवर सांगतो. घाबरलेल्या माणसाच्या बरगड्या थरथरतात. यांच्या बरगड्यांना फक्त जागा हवी होती. पण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि मासोळीला तर भीतीच दिसली. नियम असा की तलावात शांतपणे तरंगता आल्याशिवाय कुणालाही समुद्रात न्यायचं नाही, आणि होकार द्यायचा तो शिक्षकानं. म्हणजे तिनंच.

जहाजावर जायचा दिवस जवळ आला होता. त्या दुपारी बाबांनी परत काठ धरला, तेव्हा मासोळीनं त्यांना वर घेतलं, मला त्यांच्या अंगावरून उतरवलं आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसली. बाबा टॉवेलनं कान पुसत राहिले.

"बाबा, राहू दे आता," ती म्हणाली. "सगळ्यांना जमायलाच हवं असं थोडंच आहे? आपण नावेतून जाऊ. मी खाली जाईन, तुम्ही वरून बघा."

"तू म्हणशील तसं."

"वाईट वाटलं?"

"छे! मलाच वाटलं होतं, या वयात कशाला."

इतक्या हळू आवाजात ते हे बोलले की माझं काळीजच हललं. अंगरख्याला काळीज नसतं म्हणू नका. नसतं तर मी हे सांगितलं असतं का?

तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं. एका बँकेतल्या कॅशियरबाई होत्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. मासोळीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. डोळे पुसत पुसत ती बाईंना एक नवं जॅकेट घालायला लागली आणि गिऱ्हाइकाच्या बाबतीत कधी न केलेली गोष्ट तिनं केली, हवा भरायच्या आधीच पट्टा ओढला.

"अगं ए!" बाई ओरडल्या. सगळा तलाव दणाणला. "मला शिकवतेस का पार्सल करून पाठवतेस? श्वास कुठून घेऊ, कानातून?"

"सॉरी, सॉरी!" मासोळीनं पटापट पट्टे सोडले. "माझंच चुकलं. आधी हवा भरते. हं, आता पोटभर श्वास घ्या. आता कुठे टोचतंय?"

"काखेत."

"आता?"

"आता जरा बरं. मानेशी काय खुपतंय ते बघ."

"टाकी वर आहे, खाली घेते. आता?"

"आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या आणि हात पसरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

बाबा बाकावरून हे सगळं बघत होते. कान पुसायचं ते केव्हाच विसरले होते. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या पट्ट्यांवरच्या लाल रेघांकडे. एकदा हात स्वतःच्या बरगड्यांवरून फिरवला. मग कपाळाला हात लावून एकदम हसायलाच लागले.

"काय झालं बाबा?" मासोळी धावत आली.

"मी गाढव आहे."

"काहीतरीच काय?"

"अगं, जन्मभर मी दुकानात हेच बघितलं. गिऱ्हाईक नवा बूट घालतं, मी विचारतो, कसा आहे? ते म्हणतं, छान आहे. का, तर समोरच्याला कशाला त्रास! आणि घरी जाऊन टाचेला फोड येतो. मी त्यांना रागवायचो. म्हणायचो, साहेब, चावतो का ते सांगा, मला बूट विकायचाय, फोड नाही." त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. "बाळा, मला हे जॅकेट चावतंय. पहिल्या दिवसापासून."

मासोळीनं मला बाकावरून उचललं, पट्ट्यांवरच्या रेघा बघितल्या.

"पहिल्या दिवसापासून? मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या प्रेमानं ओढत होतीस. रेघ मारलीस. आणि मला वाटलं, जॅकेट बरोबरच असणार, तू लावलंयस म्हणजे. माझीच छाती म्हातारी झाली असेल."

"बाबा! मी तुम्हाला समुद्रात नेणार नव्हते! नको म्हणाले मी तुम्हाला!" तिचा आवाज फाटला. "मला वाटलं तुम्ही घाबरता. आणि तुम्ही मला घाबरून गप्प!"

"घाबरून नाही गं. तुला काळजी नको म्हणून. काळजी वाटली तर जहाजावर जाणार नाहीस, अशीही भीती होती एक."

मासोळी मटकन खाली बसली, ओल्या फरशीवरच. बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली आणि रडता रडता म्हणाली, "परक्यांना मी श्वास घ्यायला लावते. तुम्हाला मात्र... तुम्ही माझ्या हातून निसटाल, एवढंच सारखं डोक्यात येत होतं. म्हणून ओढत राहिले." बाबा तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिले. कॅशियरबाई जवळच उभ्या होत्या, नाक ओढत. "पट्ट्यांचं नंतर बघू गं," त्या म्हणाल्या, "आधी बापाला चहा पाज."

चहा झाला. मग मासोळीनं रुमालाला नेलपॉलिश काढायचं औषध लावलं आणि माझ्यावरची एकेक रेघ घासून काढली. बाबांना रबरी सूटमध्ये उभं केलं. माझे सगळे पट्टे सैल सोडले. कंबरपट्टा हाडांवर बसवला. मला टम्म फुगवलं. "पोटभर श्वास घ्या बाबा." बाबांनी घेतला. काय सांगू तुम्हाला, त्या छातीत इतकी जागा होती हे मला पहिल्यांदाच कळलं! मग तिनं पट्टे ओढले, जेवढ्यास तेवढे.

"कुठे टोचतंय?" तिनं विचारलं.

बाबांना एकदा सांगायची सवय लागली आणि मग ते थांबेनात. डाव्या खांद्याचा पट्टा पिळलाय. टाकीचं तोंड डोक्याला लागतंय. खाली जायला लावतात ती शिशाची वजनं एकाच बाजूला आहेत. कंबरेशी सुटाची घडी आलीय. कॉलर गुदगुल्या करतेय. "कॉलरचं काही करता येणार नाही," मासोळी म्हणाली, "ती तशीच आहे बिचारी." बिचारी नाही, ती माझी कॉलर आहे आणि उत्तम आहे, पण जाऊ दे. बाकी सगळं तिनं दुरुस्त केलं. बाबा पाण्यात उतरले, तिनं बटण दाबलं, मी फुगलो, आणि बाबा तरंगले. काठाला हातसुद्धा लावला नाही. आकाशाकडे तोंड करून पडून राहिले. माझ्याखाली त्यांची छाती सावकाश वर यायची, सावकाश खाली जायची. मासोळी मान डोलवून हो म्हणाली.

ती जायच्या आदल्या रविवारी आम्ही समुद्रात गेलो. नावेच्या नांगराचा दोर धरून बाप आणि लेक हळूहळू खाली उतरत होते. पाणी हिरवट, मग निळं. कान मोकळे करायला ते मध्ये मध्ये थांबत होते. तळाशी खडक होते, त्यांच्यावर हलणारं शेवाळ, फटींतून डोकावणारे खेकडे. छोट्या चंदेरी माशांचा एक थवा आमच्या अंगावरून गेला आणि बाबांनी हात लांब केला, एखाद्याशी ओळख करून घ्यावी तसा. मासोळी एकेक गोष्ट बोटानं दाखवत होती. इथे मी काम करते. हा माझा खडक. हे माझे शेजारी. पाण्याखाली शब्द नसतात, पण तिचा हात किती भरभर हलत होता!

आता एक गंमत असते, मित्रांनो. खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो आणि जाड रबरी सूट दबून पातळ होतो. वर बेताचा असलेला कंबरपट्टा खाली सैल पडतो. तसंच झालं. मी ढिला पडलो, टाकी एका कुशीवर कलंडली आणि बाबांना आपल्याबरोबर फिरवायला लागली. त्यांनी अंग सावरलं. टाकी पुन्हा कलंडली. मी मनात म्हटलं, झालं! आता हे गृहस्थ परत गप्प बसणार. मासोळीला मासे दाखवायचे आहेत ना, मग कशाला तिला त्रास, असं म्हणणार आणि वाकडेतिकडे पोहत राहणार.

बाबा थांबले. त्यांनी मासोळीचं कोपर धरलं. ती वळली. त्यांनी पंजा आडवा धरून डुगडुगवला. पाण्यातल्या बोलीत याचा अर्थ, काहीतरी बिघडलंय. मग कंबरेकडे बोट केलं आणि मूठ वळून ओढायची खूण केली. ओढ.

मासोळीच्या तोंडातून बुडबुड्यांचा हा एवढा मोठा लोट वर गेला. हसली होती ती. गुडघ्यांवर येऊन तिनं माझा कंबरपट्टा धरला आणि थोडा ओढला. बाबांनी मान हलवली, अजून. तिनं अजून ओढला. अजून. आणखी एकदा. मग बाबांनी तळहात उभा केला, बस. एक लांब, पोटभर श्वास घेतला. मी वर उचलला गेलो आणि परत जागेवर बसलो, कुठे घासलो नाही, कुठे आवळलो नाही. बाबांनी अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला. सगळं ठीक, असा त्याचा अर्थ. त्यांच्या बरगड्याही तेच म्हणत होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याला काय हवं असतं? समुद्रातून आलात की गोड्या पाण्यानं धुवा, आतूनसुद्धा. उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. खिसा उसवला तर शिवा, पालीला राहायला देऊ नका. आणि तुमच्या माणसाला काहीही बांधताना, मग ते जॅकेट असो, बूट असो की आणखी काही, आधी त्याला श्वास घेऊ द्या. तुम्हाला कुणी बांधत असेल आणि टोचत असेल, तर बोला. समोरचं माणूस तुमचं आहे, ते ऐकेल.

मासोळी जहाजावर गेली. बाबा आता दर रविवारी तलावावर येतात, मला घालतात, तरंगतात. बुजलेल्या नव्या लोकांच्या शेजारी उभे राहतात आणि त्यांना टोचतंय का ते विचारतात. परवा पाण्यातून बाहेर येऊन ते बाकावर बसले होते, मी शेजारी निथळत होतो. फोन वाजला. जहाजावरून मासोळीचा.

"कसे आहात बाबा?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग एक पोटभर श्वास घेतला.

"तुझ्याशिवाय करमत नाही गं," ते म्हणाले. "संध्याकाळी घर खायला उठतं."

मग मासोळी म्हणाली, "मलाही नाही करमत बाबा. थांबा, ठेवू नका फोन. सगळं सांगा मला."